नवी आवृत्ती आणि शुद्धिपत्र



डेटाबेस चालविणाऱ्या प्रणालीची मोठी आवृत्ती किती दिवसांनी निघावी, हा आजचा विषय आहे. हा विषय संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडावयाचा, कामगार संघटनेच्या कचेरीत आयुष्य काढलेल्या आणि दहावीनंतर स्वतःच्या हिमतीवर वाचून शिकलेल्या माणसाने नव्हे, असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. आमचे त्यावर एवढेच म्हणणे की, ज्याचे पोट ज्या नोंदीवर चालते त्याला त्या नोंदीविषयी विचारण्याचा अधिकार असतो.

कामगाराजवळ जमीन नसते, भांडवल नसते. त्याच्याजवळ असते ती नोंद. किती दिवस भरले, जादा काम किती तास केले, भविष्य निर्वाह निधीत किती जमले, नोकरी सलग किती वर्षे झाली, हे सारे कोठे तरी लिहिलेले असते म्हणूनच त्याला पैसे मिळतात. मस्टरवर नाव नाही तो कारखान्याच्या दृष्टीने जन्मालाच आलेला नाही. पूर्वी ही नोंद जाड पुठ्ठ्याच्या बुकात असे. कोणी खाडाखोड केली तर ती शाईत दिसे. आज ती डेटाबेसात असते आणि डोळ्यांना दिसत नाही. जी गोष्ट आमची आहे पण आम्हाला दिसत नाही, तिची देखभाल कोण करतो आणि कोणत्या वेळापत्रकाने करतो, हे समजून घेणे आम्ही आमच्या कामाचाच भाग मानतो.

कोठार आणि मुनीम

डेटाबेस म्हणजे काय, ते पेढीच्या उदाहरणाने पाहू. पेढीवर वह्या असतात आणि मुनीम असतो. वह्यांत हजारो नोंदी असतात, पण कोणती नोंद कोणत्या पानावर आहे हे मुनीमच जाणतो. संगणकावर हे मुनिमाचे काम करणारी जी प्रणाली असते तिच्याविषयी आपण बोलत आहो. दोन माणसे एकाच क्षणी एकाच खात्यातून पैसे काढू लागली तर ती एकाला थांबविते. व्यवहार अर्ध्यावर असताना वीज गेली तर अर्धवट नोंद राहू देत नाही. मागाल ती नोंद लाखोंमधून क्षणात काढून देते. १९७० साली आय. बी. एम. मधील एडगर कॉड यांनी नोंदी तक्त्यांच्या रूपाने ठेवण्याचा सिद्धान्त मांडला, त्यावर आजच्या बहुतेक अशा प्रणाली उभ्या आहेत.

अशा प्रणाली अनेक आहेत. त्यांपैकी एक आम्ही आज मुख्य उदाहरणासाठी घेतली आहे. तिचे नाव पोस्टग्रेसक्यूएल, बोलण्यात नुसते पोस्टग्रेस. १९८६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत, प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांनी हे काम सुरू केले. १९९६ साली तिला आजचे नाव मिळाले आणि जानेवारी १९९७ मध्ये तिची ६.० ही आवृत्ती निघाली. ही प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरचे कारागीर, कोणी कंपन्यांच्या पगारावर तर कोणी स्वखुशीने, मिळून ती घडवितात, आणि ती कोणालाही फुकट वापरता येते. आम्ही हेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, येथे आवृत्ती खपविण्याची घाई कोणा मालकाला नाही. म्हणून किती वेळा आवृत्ती काढावी या प्रश्नाचा विचार येथे विक्रीच्या हिशेबापासून दूर ठेवून करता येतो.

शुद्धिपत्र निराळे, आवृत्ती निराळी

पुस्तके वाचणाऱ्या आपल्यासारख्या श्रोत्यांना दोन गोष्टींतला फरक सहज कळेल. पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडल्या की प्रकाशक एक शुद्धिपत्र काढतो. पान अमुक, ओळ अमुक, असे वाचावे. पुस्तक तेच राहते. पण लेखकाने नवी प्रकरणे घातली, जुनी काढली, क्रम बदलला, तर ती नवी आवृत्ती होते. जुन्या आवृत्तीतले पृष्ठांक मग नव्या आवृत्तीत लागू पडत नाहीत.

पोस्टग्रेसमध्येही असेच दोन प्रकार आहेत. शुद्धिपत्रे साधारणपणे दर तीन महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांत निघतात. त्यांत फक्त दोष काढलेले असतात आणि चोरट्यांना आत शिरता येईल अशा फटी बुजविलेल्या असतात. ती बसविणे सोपे असते. प्रणाली थांबवावी, नवी बसवावी, पुन्हा सुरू करावी. वह्यांना हात लावावा लागत नाही. मोठी आवृत्ती मात्र वर्षातून एकदाच निघते, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. १० वी ऑक्टोबर २०१७ मध्ये आली, १८ वी सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात एकही वर्ष चुकले नाही. पूर्वी आकड्यांवरून हा फरक कळत नसे. ९.५ वरून ९.६ वर जाणे दिसावयास लहान, पण प्रत्यक्षात मोठे होते. १० पासून नियम सरळ झाला. पहिला आकडा आवृत्तीचा, दुसरा शुद्धिपत्राचा.

मोठी आवृत्ती बसविणे अवघड का, हेही सांगितले पाहिजे. मुनिमाच्या काही खाजगी वह्या असतात. कोणता तक्ता कोठे आहे, त्यात कोणते रकाने आहेत, कोणास तो पाहण्याचा अधिकार आहे, हे त्यांत लिहिलेले असते. नव्या आवृत्तीत या खाजगी वह्यांची आखणी बदलते. म्हणून नवा मुनीम जुन्या गादीवर सरळ जाऊन बसू शकत नाही. यावर तीन उपाय आहेत. पहिला, सगळ्या नोंदी एकदा बाहेर उतरवून काढाव्या आणि नव्या वह्यांत पुन्हा भराव्या. कोठार मोठे असेल तर याला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. दुसरा, फक्त खाजगी वह्या नव्याने लिहाव्या आणि नोंदींची पाने तशीच वापरावी. ही सोय २०१० साली, ९.० बरोबर अधिकृतपणे आली, आणि तासांचे काम मिनिटांवर आले. तिसरा, नव्या मुनिमाला जुन्याच्या शेजारी बसवावे, प्रत्येक नोंद दोघांकडे जाऊ द्यावी, आणि दोन्हीकडे मेळ बसला की एका रात्री जुन्याला निरोप द्यावा. ही सोय १० व्या आवृत्तीपासून अंगभूत झाली.

दुसऱ्या उपायात एक खोड होती. कोणत्या तक्त्यात अंदाजे किती नोंदी आहेत, कोणता शोध कोणत्या वाटेने लवकर होईल, याचे मुनिमाने बांधलेले ठोकताळे बदलाच्या वेळी गळून जात. ते पुन्हा बांधून होईपर्यंत नवा मुनीम चाचपडत काम करी. १८ व्या आवृत्तीने हे ठोकताळेही बरोबर नेण्याची व्यवस्था केली. सांगावयाचा मुद्दा असा की, किती वेळा बदलावे हा प्रश्न आणि बदलणे किती सोपे आहे हा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. बदल जितका स्वस्त, तितका तो वरचेवर करणे परवडते.

ठरल्या वेळेची गाडी

वर्षातून एक हे प्रमाण बरोबर आहे काय? त्याच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण गाडीच्या वेळापत्रकासारखे आहे. दर तासाला गाडी असेल तर प्रवासी धावत्या डब्याला लोंबकळत नाही. दिवसात एकच गाडी असेल आणि तीही केव्हा सुटेल याचा नेम नसेल, तर तो टपावरही चढतो.

पोस्टग्रेसचे नवे वर्ष जुलैत सुरू होते. मार्चपर्यंत ठरावीक महिन्यांत, एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासण्याच्या फेऱ्या होतात. एप्रिलमध्ये फाटक बंद होते. त्यानंतर नवे काही आत येत नाही. मे महिन्यात चाचणीची प्रत लोकांच्या हाती जाते आणि पावसाळा सरता सरता आवृत्ती निघते. फाटकाबाहेर राहिलेल्याला पुढच्या वर्षीची गाडी मिळणार हे नक्की असते, म्हणून अर्धेकच्चे काम रेटण्याचा मोह कमी होतो.

याची दोन उदाहरणे आहेत. नोंद असेल तर सुधारावी, नसेल तर नवी घालावी, असे एका दमात करणारी 'मर्ज' नावाची आज्ञा २०१८ साली ११ व्या आवृत्तीसाठी आत घेतली होती. तपासणीत ती पुरेशी पक्की नाही असे दिसताच तिला खाली उतरविले. ती २०२२ साली १५ व्या आवृत्तीत नीट घडून आली. त्याच २०२२ च्या सप्टेंबरात, गाडी सुटावयास थोडे आठवडे उरले असताना, 'जेसन' नावाच्या मजकुराविषयीच्या नव्या सोयींचा मोठा गठ्ठा परत काढून घेण्यात आला. त्यातला काही भाग २०२३ साली आला, 'जेसन टेबल' ही महत्त्वाची सोय २०२४ साली आली. कामगाराच्या डोळ्यांनी पाहिले तर यात फार मोठी गोष्ट आहे. 'अजून तयार नाही' असे म्हणण्याची सोय कारागिराला उरली. आमच्या अनुभवात, जेथे हे वाक्य उच्चारण्याची चोरी असते तेथेच अपघात होतात.

पूर्वी पोस्टग्रेसचीही वेळ इतकी बांधलेली नव्हती. ८.२ डिसेंबर २००६ मध्ये, ८.३ फेब्रुवारी २००८ मध्ये, ८.४ जुलै २००९ मध्ये, ९.० सप्टेंबर २०१० मध्ये. कधी चौदा महिने, कधी सतरा. ९.५ तर शरद ऋतू ओलांडून जानेवारी २०१६ मध्ये आली. वापरणाऱ्याला आपल्या कामाची आखणी करावयाची असेल तर अशा अनिश्चिततेने त्याची पंचाईत होते. वेळ लांब की आखूड, यापेक्षा ती आधी माहीत असणे महत्त्वाचे, असे आमचे मत झाले आहे.

बोजा कोणाच्या खांद्यावर?

आता दुसरी बाजू. आवृत्ती काढणारा एक असतो आणि बसविणारे लाखो असतात. काढणाऱ्याचा उत्सव होतो तेव्हा बसविणाऱ्याची रात्रपाळी लागते.

२००८ सालच्या ८.३ चे उदाहरण घ्या. तोपर्यंत आकड्याच्या जागी मजकुराची अपेक्षा असली तरी प्रणाली मुकाट्याने आकड्याचा मजकूर करून घेई. ८.३ ने ही सवलत काढली. शिस्तीच्या दृष्टीने ते योग्य होते, कारण त्या सवलतीतून चुकीची उत्तरे निघत. पण वर्षानुवर्षे त्या सवलतीवर विसंबून लिहिलेली कामे एकदम अडली. मुनीम बरोबर होता, तरी दुकान बंद पडले.

कधी नव्या मुनिमाच्याच अंगी दोष असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीत, कोठार चालू ठेवून सूची बांधण्याच्या पद्धतीत चूक होती. तीमुळे सूचीतून काही नोंदी सुटण्याचा धोका होता. तिचे शुद्धिपत्र नेहमीच्या तारखेची वाट न पाहता जून २०२२ मध्ये काढावे लागले. मधले जवळजवळ नऊ महिने हा दोष चालू कोठारांत वावरत होता. २०१३ सालच्या ९.३ मध्येही, एकाच नोंदीवर अनेकांनी लावलेल्या कुलपांचा हिशेब ठेवण्यात दोष निघाले आणि ते निस्तरण्यास पुढे कित्येक शुद्धिपत्रे लागली. तेव्हा मोठी आवृत्ती निघाल्या दिवशीच घरी आणू नये, हे जाणत्यांचे मत बरोबर आहे.

आमच्या संघटनेकडे काही वर्षांपूर्वी आलेले एक प्रकरण येथे सांगतो. एका कारखान्यात पगारपत्रकाचा डेटाबेस नव्या आवृत्तीवर न्यावयाचा होता. ते काम कंत्राटावर असलेल्या एका तरुणाकडे होते. आधी नकलेवर रंगीत तालीम करू द्या, असे त्याने लेखी मागितले होते. सुट्टीच्या एका रात्रीत उरका, असे उत्तर मिळाले. बदल झाला. पण जादा कामाच्या तासांची बेरीज करणारा जुना भाग नव्या आवृत्तीशी जुळेना. सहाशे माणसांचा पगार चार दिवस लांबला. दुकानदाराची उधारी, घरभाडे, मुलांची फी यांना चार दिवस म्हणजे काय, हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक असेल. मेमो मात्र मिळाला तो त्या तरुणाला. आम्ही त्याचा अर्ज पुढे ठेवला तेव्हा मेमो मागे घेतला गेला. दोष नव्या आवृत्तीचा नव्हता आणि त्या मुलाचाही नव्हता. बदलाचा खर्च हिशेबात न धरता बदल करावयास लावणाऱ्याचा तो दोष होता.

न बदलण्याची किंमत

हे ऐकून कोणी म्हणेल, मग बदलूच नये. चालते आहे त्याला हात लावू नये. या सल्ल्यातही मोठा धोका आहे.

२५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' नावाचा एक किडा जगभरच्या जाळ्यात पसरला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेस-प्रणालीतील एका फटीतून तो शिरे. दहा मिनिटांच्या आत, शिरण्याजोग्या यंत्रांपैकी बहुतेक त्याने गाठली. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची पैसे देणारी हजारो यंत्रे बंद पडली. ती फट बुजविणारे शुद्धिपत्र जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी, निघालेले होते. ते बसविणे किचकट होते आणि पुष्कळांनी ते बसविले नव्हते. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या आतल्या काही यंत्रांवरही नव्हते. औषध निघाले होते, ते रोग्याच्या पोटात गेले नव्हते.

आणखी एक गोष्ट आहे. आपण स्थिर राहिलो तरी पायाखालची जमीन स्थिर राहत नाही. शाळेतल्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, पण शब्दकोशात क्ष हा क च्या पोटात सापडतो. समजा एका क्रमाने सूची लावली आणि पुढे शोधणाऱ्याच्या मनातला क्रम बदलला. मग 'क्षीरसागर' हे नाव सूचीत असूनही त्याला ते सापडणार नाही, आणि नाही असे समजून तो ते दुसऱ्यांदा लिहील. हुबेहूब हेच लिनक्सवर घडले. अक्षरांचा क्रम ठरविणारा एक भाग डेटाबेसच्या बाहेर, संगणकाच्या मूळ व्यवस्थेत असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या भागाच्या नव्या आवृत्तीने पुष्कळ क्रम बदलले. ज्यांनी डेटाबेसला हातही लावला नव्हता, फक्त खालची व्यवस्था नवी केली, त्यांच्याही सूची चुकीच्या ठरल्या आणि त्या नव्याने बांधाव्या लागल्या.

शिवाय जुने धरून बसण्याचे आता भाडेही पडते. ॲमेझॉनच्या डेटाबेस-सेवेत, मुदत संपलेल्या काही आवृत्त्यांवर राहणाऱ्यांना २०२४ पासून जादा आकार द्यावा लागू लागला.

इतरांनी काय केले?

वर्षातून एक हाच मार्ग सर्वांनी धरला असे नाही. मायक्रोसॉफ्ट आपल्या एसक्यूएल सर्व्हरची आवृत्ती अलीकडे दोन-तीन वर्षांनी काढते आणि पाच वर्षे पूर्ण व पुढे पाच वर्षे सुरक्षेपुरती अशी दहा वर्षांची देखभाल देते.

मायएसक्यूएल या प्रणालीचा अनुभव फार शिकविणारा आहे. तिची ८.० ही आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये निघाली. त्यानंतर कित्येक वर्षे शुद्धिपत्रांतूनच नव्या सोयी घालण्याची पद्धत ठेवली गेली. म्हणजे शुद्धिपत्राचे पान म्हणून हाती घ्यावे तर त्यात नवे प्रकरणच असे. एप्रिल २०२२ मधील ८.०.२९ मध्ये नोंदी बिघडविणारा दोष निघाला आणि ते शुद्धिपत्र मागे घ्यावे लागले. २०२३ साली मालक असलेल्या ओरॅकल कंपनीने दोन रस्ते वेगळे केले. एका रस्त्यावर दर तीन महिन्यांनी नवलाईच्या आवृत्त्या, ज्यांची देखभाल पुढची निघेपर्यंतच. दुसऱ्या रस्त्यावर दीर्घ मुदतीची आवृत्ती, जिला आठ वर्षांची देखभाल. तिची पहिली, ८.४, एप्रिल २०२४ मध्ये आली. ज्याला घाई आहे तो एका रस्त्याने जाईल, ज्याला पगारपत्रक सांभाळावयाचे आहे तो दुसऱ्याने.

तिसरे टोक एसक्यूलाइटचे. ही लहानशी प्रणाली आपल्या प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आहे. तिची तिसरी मोठी आवृत्ती २००४ साली आली आणि चौथी अद्याप नाही. सुधारणा होतच असतात, पण नोंदी ठेवण्याची आखणी अशी जपली आहे की तेव्हाची फाइल आजही वाचता येते. २०५० सालापर्यंत देखभाल करण्याचा त्यांचा संकल्प आहे. कोट्यवधी फोनांत बसलेला मुनीम कोणी दरवर्षी बदलू शकत नाही, हे त्यांनी ओळखले.

साधा गुणाकार

या सर्वांतून एक हिशेब निघतो. आवृत्ती वर्षातून किती वेळा निघते आणि प्रत्येक आवृत्तीची देखभाल किती वर्षे करण्याचे वचन आहे, या दोहोंचा गुणाकार करा. एका वेळी किती आवृत्त्या जिवंत ठेवावयाच्या, तो आकडा मिळतो. पोस्टग्रेसमध्ये वर्षाला एक आणि वचन पाच वर्षांचे, म्हणजे पाच. डिसेंबर २०२५ मध्ये १४ ते १८ अशा पाच जिवंत होत्या. सप्टेंबर २०२० च्या १३ व्या आवृत्तीला शेवटचे शुद्धिपत्र नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळाले. एक फट सापडली की ती बुजविण्याचे काम एकदा करून भागत नाही. प्रत्येक जिवंत आवृत्तीत ते बसते की नाही, हे पाहावे लागते.

आता सहा महिन्यांना एक आवृत्ती काढा. वचन तेच ठेवले तर दहा आवृत्त्या पोसाव्या लागतील. कारागीर मात्र तेवढेच राहतील. मग एक तर त्यांची पाठ मोडेल, नाही तर वचन अडीच वर्षांवर येईल आणि पाठ मोडेल ती बसविणाऱ्याची. उलट, पाच वर्षांनी एक आवृत्ती काढली तर पोसावयाची एकच, पण पाच वर्षांचे सगळे बदल एकदम अंगावर येतील आणि गाडी चुकलेला पाच वर्षे फलाटावर राहील. मागाचा वेग वाढविला की विणकराने सांभाळावयाच्या मागांची संख्या कमी केली पाहिजे, हे आमच्या गिरणगावातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. येथेही हिशेब तोच आहे.

आमचे उत्तर

तेव्हा किती वेळा, या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. किती वेळा काढावी हा एक, आणि किती वेळा बसवावी हा दुसरा. बहुतेक वाद हे दोन प्रश्न एक मानल्यामुळे होतात. या दोन वेगांना जोडणारा दुवा म्हणजे देखभालीच्या मुदतीचे वचन. ते वचन दीर्घ आणि पक्के असेल तर काढणाऱ्याने दरवर्षी काढावी आणि बसविणाऱ्याने दोन किंवा तीन वर्षांनी, आपल्या सोयीने, मधल्या गाड्या सोडून एखादी पकडावी. पोस्टग्रेसमध्ये १४ वरून सरळ १७ वर जाता येते. मधली दोन स्थानके उतरण्याची सक्ती नाही. आमच्या मते वर्षाला एक आवृत्ती आणि पाच वर्षांचे वचन, ही जोडी आज दिसणाऱ्या जोड्यांत समतोल आहे. वचन न वाढविता वेग वाढविणे आम्हाला मान्य होणार नाही.

आम्हा संघटनेच्या लोकांना ही कल्पना नवी नाही. वेतनाचा करार ठरावीक मुदतीचा असतो. मुदतीत कोणी अटी बदलीत नाही आणि मुदत संपण्याच्या आधीच पुढच्या बोलण्यांची तयारी सुरू होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामाच्या ठरावीक अटी बदलण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी असे कलम होते. कामगार कमी होण्याचा संभव असलेल्या यंत्रसुधारणाही त्या यादीत होत्या. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांचा संघ यांच्यात संगणक बसविण्याविषयी करार झाला, तोही याच जातीचा होता. त्या वेळी कामगार यंत्राच्या विरुद्ध आहेत असा पुष्कळ गवगवा झाला. पण करार करणारा यंत्राच्या विरुद्ध असत नाही. बदल केव्हा, किती आणि कोणाच्या खर्चाने, एवढे त्याला ठरवावयाचे असते.

म्हणून ज्या संस्थेत लोकांच्या नोंदी आहेत, मग ती पतपेढी असो, नगरपालिका असो, इस्पितळ असो की कारखाना, तिने चार गोष्टी लेखी ठरवाव्या असे आम्ही सुचवितो. शुद्धिपत्र निघाल्यावर तपासून काही आठवड्यांच्या आत बसवावे, कारण स्लॅमरने सहा महिन्यांच्या आळसाची किंमत दाखविली आहे. मोठी आवृत्ती पहिल्या दोन-तीन शुद्धिपत्रांनंतर घ्यावी, पण हातच्या आवृत्तीची मुदत संपण्याच्या निदान एक वर्ष आधी पुढच्या बदलाची तारीख ठरवावी. बदलापूर्वी नकलेवर संपूर्ण तालीम करावी आणि परत फिरण्याची वाट उघडी ठेवावी. आणि चौथी गोष्ट, जी कोणत्याच माहितीपुस्तकात नसते ती अशी. ते काम करणाऱ्या माणसाला त्यासाठी वेळ, जादा कामाचा पैसा आणि 'अजून तयार नाही' असे म्हणण्याचा अधिकार द्यावा. ती रात्र त्याच्या पगारात फुकट धरू नये.

श्रोतेहो, आपण यातले तज्ज्ञ नाही, आपण काय विचारणार, असे आपणांस वाटेल. पण आपल्या पतपेढीच्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर करताना आपण हात वर करतोच. त्याच सभेत तीन साधे प्रश्न विचारता येतील. आपल्या नोंदी ज्या प्रणालीवर आहेत तिच्या आवृत्तीची मुदत केव्हा संपते? शेवटचे शुद्धिपत्र केव्हा बसविले? आणि राखीव नकलेवरून नोंदी परत उभ्या करून कोणी, केव्हा पाहिल्या? उत्तर देण्यास चिटणीसांना लाज वाटावी असे यात काही नाही. उत्तर नसेल तर पुढच्या सभेपर्यंत ते शोधावे आणि इतिवृत्तात लिहून ठेवावे, एवढेच आपण मागावयाचे आहे.